पत्ता हरवलेल्या पाट्या

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेजारच्या वहिनी एका संध्याकाळी हातात मोबाइल आणि एक बिल घेऊन आमच्याकडे आल्या. चेहरा उतरलेला होता. चहा समोर आला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

वहिनींचा लहानसा घरगुती उद्योग आहे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचे खत करण्यासाठी लागणारे डबे, कोकोपीट आणि कंपोस्टचे कल्चर त्या विकतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची वेबसाइट काढली. माल चांगला, दर वाजवी, तरीही ‘घरच्या घरी खत’ असे गूगलवर टाकले की त्यांची वेबसाइट तिसऱ्या पानावर दिसायची. आणि तिसऱ्या पानापर्यंत जातो कोण? अशा वेळी एका संस्थेच्या माणसाचा फोन आला. ‘‘अठरा हजार रुपये भरा, दुसऱ्या वेबसाइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या पाचशे लिंक्स मिळवून देतो, तीन महिन्यांत पहिल्या पानावर याल,’’ असे त्याने सांगितले. वहिनींनी पैसे भरले. पाचशे लिंक्स मिळाल्याही. पण तीन महिन्यांनी वेबसाइट तिसऱ्या पानावरही दिसेना.

‘‘भाऊजी, मी फसले का हो?’’ त्यांनी विचारले.

मी त्या पाचशे लिंक्सची यादी उघडून पाहिली. कुठे परदेशातल्या टायरच्या दुकानाचे पान, कुठे केस गळण्यावरचे औषध, कुठे अर्थहीन शब्दांची नुसती रास, आणि त्या राशीत मध्येच वहिनींच्या खताच्या डब्याचा पत्ता! फसवणूक स्पष्ट दिसत होती. पण लिंक्सचा एवढा आटापिटा लोक का करतात, हे आधी समजून घ्यायला हवे.

शिफारशीचे गणित

घरात लग्न निघाले की आचारी आपण जाहिरात वाचून ठरवत नाही. ज्यांच्याकडचे जेवण चांगले झाले होते त्यांना विचारतो. त्यातही ज्यांच्या जिभेवर आपला विश्वास आहे, त्यांचा शब्द जास्त मानतो. गूगलचा जन्म नेमक्या याच विचारातून झाला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघांनी १९९८ साली एक शोधनिबंध मांडला. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा, म्हणजेच लिंक, ही एक शिफारस समजावी, आणि ज्या पानाची स्वतःचीच पत मोठी असेल त्याच्या शिफारशीला जास्त वजन द्यावे, असे त्यांचे सूत्र होते. पेज यांच्या आडनावावरून त्याला ‘पेजरँक’ हे नाव पडले.

शिफारशीला किंमत आली की खोट्या शिफारशींचा बाजारही भरतो. तो भरला. त्याला आळा घालण्यासाठी गूगलने एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ नावाची मोठी सुधारणा आणली, आणि विकत घेतलेल्या दुव्यांवर उभ्या असलेल्या असंख्य वेबसाइट्स खाली घसरल्या. डिसेंबर २०२२ मध्ये अशा खोट्या दुव्यांचे वजन शून्य करणारी आणखी एक सुधारणा झाली. म्हणजे वहिनींचे अठरा हजार अशा गोष्टीसाठी गेले होते, जिची किंमत बाजारात केव्हाच उतरली होती.

‘‘मग खरी शिफारस मिळवायची कशी? मी काय दारोदार मागत फिरू?’’ वहिनी म्हणाल्या.

मागत फिरायची गरज नाही. पण दारोदार जाऊन लोकांची एक छोटी अडचण दूर करता येते. त्याच वाटेबद्दल आज लिहायचे आहे. इंग्रजीत तिला ‘ब्रोकन लिंक बिल्डिंग’ म्हणतात. आपण ‘तुटलेल्या दुव्यांची डागडुजी’ म्हणू.

दुवा तुटतो म्हणजे काय?

पूर्वी आपण कुणाला पत्र पाठवायचो आणि काही दिवसांनी ते ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत यायचे. इंटरनेटवर हाच शेरा ‘४०४’ या आकड्याने मिळतो. पत्ता लिहिलेला आहे, पण त्या पत्त्यावर पान नाही, असा त्याचा अर्थ. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. त्या रचनेत दुवा एकतर्फी असतो. मी तुमच्या पानाकडे बोट दाखवले तरी तुम्हाला ते कळवले जात नाही, आणि तुम्ही पान काढून टाकले तरी ते मला कळत नाही. माझे बोट तसेच रिकाम्या जागेकडे राहते.

अशी बोटे किती असतील? अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडतच नव्हती. इंग्रजी विकिपीडियाच्या ५४ टक्के पानांवर, संदर्भांच्या यादीत निदान एक तरी दुवा मेलेला होता. २००९ साली याहूने ‘जिओसिटीज’ बंद केले तेव्हा हौशी लोकांनी मेहनतीने उभारलेली लाखो पाने एका फटक्यात नाहीशी झाली. आपल्याकडे अनेक सरकारी खात्यांचे पत्ते ‘एनआयसी डॉट इन’वरून ‘गव्ह डॉट इन’वर गेले.  पण शाळा-महाविद्यालयांच्या आणि संस्थांच्या पानांवर जुने पत्ते अजून तसेच आढळतात.

आता यातली संधी पाहा. एखाद्या संस्थेने आपल्या पानावर कंपोस्टच्या माहितीचा दुवा दिला आहे, याचा अर्थ तिला आपल्या वाचकांना ती माहिती द्यायची आहे. दुवा तुटला आहे, म्हणजे वाचक रिकाम्या हाताने परततो. तुम्ही तिला तसे कळवले आणि त्या जागी तितकीच चांगली, चालू असलेली माहिती सुचवली, तर तिचे काम होते, वाचकाचे होते आणि तुमचेही होते. ही खरी शिफारस. मात्र ‘तितकीच चांगली’ या दोन शब्दांत सगळे आले. त्याकडे पुढे येतोच.

आधी आपले अंगण

दुसऱ्याकडची पाटी दुरुस्त करायला निघण्याआधी आपल्या घरावरची पाटी पाहावी. म्हणून आम्ही सुरुवात वहिनींच्याच वेबसाइटपासून केली. पानावरचे तुटलेले दुवे दाखवणारी साधने फुकट मिळतात. क्रोम ब्राउझरला ‘चेक माय लिंक्स’ नावाची जोडणी लावता येते. डब्ल्यू थ्री सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचेही दुवे तपासण्याचे साधन आहे. आपल्याच वेबसाइटची तब्येत पाहण्यासाठी ‘गूगल सर्च कन्सोल’ हे सर्वांत सोयीचे, आणि तेही विनामूल्य आहे. कोणत्या पानांना ४०४ मिळतो आणि बाहेरून कोण आपल्याकडे दुवा देते, हे दोन्ही त्यात दिसते.

वहिनींच्या वेबसाइटवर अकरा दुवे तुटलेले निघाले. शिवाय एक जुने पान त्यांनी गेल्या वर्षी नाव बदलून नव्या पत्त्यावर नेले होते. एका बागप्रेमी मंडळाने त्या जुन्या पत्त्याचा दुवा दिला होता, तो वाया जात होता. जुना पत्ता उघडला की वाचक आपोआप नव्या पत्त्यावर जाईल अशी सोय करता येते. तिला ‘३०१’ म्हणतात. पोस्टात पत्ताबदलाचा अर्ज देण्यासारखेच ते आहे. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने पाच मिनिटांत ते केले आणि कुणाला न विचारता एक चांगली शिफारस परत मिळाली.

पण खरा धक्का पुढेच होता. ‘मुलांसाठी पर्यावरण’ या वहिनींच्या पानावर एक दुवा होता. साधनाने तो ‘चालू’ दाखवला. मी सहज उघडून पाहिला तर समोर रमी आणि सट्ट्याची भडक जाहिरात! मूळ संस्था बंद पडली होती, नावाचे वार्षिक शुल्क भरले गेले नव्हते, आणि ते नाव दुसऱ्याच कुणी विकत घेतले होते. वहिनी एकदम गप्प झाल्या. काही वेळाने म्हणाल्या, ‘‘भाऊजी, या पानाचा पत्ता मी दोन शाळांच्या बाईंना दिलाय हो. सहावी-सातवीची मुलं उघडतात ते.’’

त्या रात्रीच त्यांनी तो दुवा काढला, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही शाळांत स्वतः जाऊन सांगून आल्या. अठरा हजार गेल्याचे दुःख त्यांना होतेच, पण या गोष्टीचे जास्त झाले. म्हणून सांगतो, दुवा उघडतो एवढ्यावर समाधान मानू नका. तो कुठे उघडतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

आम्ही काय केले?

पहिली पायरी, पाने शोधण्याची. आपल्या विषयाच्या शब्दांबरोबर ‘उपयुक्त दुवे’, ‘अधिक माहितीसाठी’ असे शब्द जोडून गूगलवर शोध घेतला. इंग्रजीतही तसाच घेतला. शाळा, बागप्रेमी मंडळे, गृहनिर्माण संस्था आणि पर्यावरण संस्था यांची पाने मिळाली.

दुसरी पायरी, तपासणीची. प्रत्येक पानावरचे दुवे साधनाने तपासले आणि तुटलेले वेगळे लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उघडून पाहिले, कारण कधी कधी समोरचा सर्व्हर तेवढ्यापुरता बंद असतो आणि दुवा मेलेला नसतोच. या यादीत एक पत्ता पुन्हा पुन्हा दिसला. घरगुती कंपोस्टची सविस्तर माहिती देणारे ते एका स्वयंसेवी संस्थेचे पान होते. संस्था बंद झाल्यावर पानही गेले. एखाद्या पानाकडे आणखी कोण कोण दुवा देते हे दाखवणारी साधने आहेत. ‘एचरेफ्स’सारख्या कंपन्यांची अशी साधने मर्यादित प्रमाणात फुकट वापरता येतात. सगळे मिळून चौदा ठिकाणी तो मेलेला दुवा सापडला.

तिसरी पायरी, गेलेल्या पानाची ओळख करून घेण्याची. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही १९९६ साली सुरू झालेली ना-नफा संस्था जुन्या पानांच्या प्रती जपून ठेवते. २००१ पासून ‘वेबॅक मशीन’च्या रूपाने त्या कुणालाही पाहता येतात. तिथे जुना पत्ता टाकला आणि ते पान जसेच्या तसे समोर आले. त्यात काय चांगले होते, लोकांनी ते का सुचवले असेल आणि त्यात काय जुने झाले आहे, हे वहिनींनी वहीत टिपून घेतले. उदाहरणार्थ, त्यात कचऱ्याविषयीचे २००० सालचे नियम दिले होते. ते २०१६ साली बदलले.

इथे एक मोह होतो. ते पान उचलून आपल्या वेबसाइटवर चिकटवावे असे वाटते. तसे मुळीच करू नका. संस्था बंद पडली म्हणून तिचे लेखन बेवारस होत नाही. लेखनाचा हक्क राहतोच.

चौथी पायरी सर्वांत कष्टाची, स्वतःचे पान लिहिण्याची. वहिनींना तीन आठवडे लागले. ओल्या कचऱ्यावर सुका पाला का घालायचा, मिश्रण पिळलेल्या फडक्याइतके ओलसर कसे ठेवायचे, वास आला तर काय बिघडले असे समजायचे, पावसाळ्यात अळ्या झाल्या तर काय करायचे, हे सगळे त्यांनी आपल्या अनुभवातून लिहिले. गॅलरीतल्या डब्याची दर आठवड्याला काढलेली छायाचित्रे लावली. मी एकच अट घातली होती. त्या पानावर मालाची जाहिरात नको. ‘‘मग माझा फायदा काय?’’ असे त्यांनी विचारलेच. मी म्हटले, ‘‘वहिनी, शाळेच्या बाई मुलांना माहितीचे पान दाखवतील, दुकान दाखवणार नाहीत. पान आवडले तर लोक तुमचे दुकान आपणहून शोधतील.’’

पत्र कसे लिहावे?

पाचवी पायरी पत्राची. बहुतेकांचे काम इथेच फसते. एकच मजकूर शेकडो लोकांना पाठवला की तो कचरापेटीत जातो. वहिनींनी चौदा पत्रे दोन आठवड्यांत, एकेक करून लिहिली. नमुना असा होता :

‘‘स. न. वि. वि. आपल्या ‘परसबाग : उपयुक्त दुवे’ या पानाचा मला उपयोग झाला. त्यातले तीन दुवे सध्या उघडत नाहीत, म्हणून कळवत आहे. पहिला प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, त्याचा नवा पत्ता खाली दिला आहे. दुसऱ्या पानाची जुनी प्रत वेबॅक मशीनवर आहे, तिचाही पत्ता देत आहे. तिसरे, कंपोस्टच्या माहितीचे पान संस्थेबरोबर बंद झाले आहे. याच विषयावर मी एक पान लिहिले आहे. योग्य वाटल्यास त्या जागी देता येईल. माझा खताच्या डब्यांचा घरगुती उद्योग आहे, हेही सांगून ठेवते. कळावे.’’

या पत्रात तीन गोष्टी ध्यानात घ्या. वहिनींनी सगळे तुटलेले दुवे सांगितले, फक्त स्वतःच्या उपयोगाचा नाही. दोन ठिकाणी त्यांचा काहीच लाभ नसताना योग्य पत्ता दिला. आणि आपला व्यवसाय लपवला नाही. उत्तर आले नाही तर दहा दिवसांनी एकच आठवण करायची आणि मग विषय सोडून द्यायचा, असे आम्ही ठरवले होते.

फळ काय मिळाले?

चौदापैकी दोन पत्रे परत आली, त्या संस्थांचे ई-मेलही बंद होते. सात जणांनी उत्तर दिले नाही. पाच जणांनी दिले. त्यातल्या तिघांनी वहिनींच्या पानाचा दुवा लावला. चौथ्याने वेबॅक मशीनवरची जुनी प्रत लावणे पसंत केले. पाचवी एक शाळा होती. त्यांनी बाकीचे दोन दुवे दुरुस्त केले, आभार मानले आणि व्यावसायिक वेबसाइटचा दुवा देत नाही असे नम्रपणे कळवले. वहिनींना थोडे वाईट वाटले, पण शाळेचे म्हणणे योग्यच होते.

पाचशे विकतच्या लिंक्स आणि या तीन! उन्हाळा येईपर्यंत वहिनींचे पान पहिल्या पानाच्या तळाशी दिसू लागले. हे सगळे त्या तीन दुव्यांमुळेच झाले असे मी म्हणणार नाही. सर्च इंजिन अनेक गोष्टी पाहते. गूगलच्या माणसांनी तर दुव्यांचे महत्त्व पूर्वीइतके राहिलेले नाही असेही सांगितले आहे. पान मुळात चांगले होते, त्याचा वाटा मोठा असणार. पण एक फरक वहिनींनीच सांगितला. त्या तीन ठिकाणांहून येणारी माणसे थांबून वाचतात, प्रश्न विचारतात. टायरच्या दुकानाच्या पानावरून एकही माणूस खताची चौकशी करायला आला नव्हता.

एवढे सांभाळा

ही वाट सरळ असली तरी तिच्यावरही आडवाटा फुटतात. पहिली, बंद पडलेल्या संस्थेचे वेबनाव विकत घ्यायचे आणि तिच्या पुण्याईवर आपले दुकान थाटायचे. मार्च २०२४ मध्ये गूगलने हा प्रकार आपल्या नियमांत स्पष्टपणे गैर ठरवला. नियम नसता तरी, वहिनींच्या पानावर सट्ट्याची जाहिरात कशी आली हे आठवले की त्याची घाण कळते.

दुसरी, दुवा लावण्यासाठी पैसे देऊ करणे. मग ती शिफारस राहत नाही, जाहिरात होते. कुणी पैसे मागितले तर नमस्कार करून बाहेर पडावे.

तिसरी, विकिपीडियावर मेलेला दुवा दिसला की तिथे आपला पत्ता घुसडणे. इंग्रजी विकिपीडियावरील बाहेरच्या दुव्यांवर २००७ पासून ‘याचे वजन धरू नये’ अशी खूण असते. क्रमवारीसाठी त्याचा उपयोग नाही, आणि स्वतःची जाहिरात तिथे काढून टाकली जाते. तिथे दुरुस्ती करायचीच असेल तर जुन्या पानाची जपलेली प्रत जोडावी. ती सेवा होईल.

आणि शेवटची गोष्ट. सहा महिन्यांतून एकदा आपल्या वेबसाइटचे सगळे दुवे तपासा. दिवाळीआधी घर झाडतो तसे. वहिनींनी तर कॅलेंडरवर तारीखच मांडून ठेवली आहे.

परवा त्या पुन्हा आल्या होत्या. या वेळी बिल नव्हते. गुजरातमधल्या एका गावच्या शिक्षिकेचा ई-मेल आला होता, तो दाखवायचा होता. ‘‘तुमच्या पानावर पावसाळ्याच्या भागात एक छायाचित्र उघडत नाही, तेवढे दुरुस्त करा. मुलांना डबा दाखवायचा आहे,’’ असे बाईंनी लिहिले होते. वहिनींनी छायाचित्र आधीच नीट लावले होते, आणि बाईंना उत्तरही धाडले होते. या वेळी चहा मात्र गरम असतानाच संपला.